सामाईक सड्यावरचे जोते

सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचा, तो चौकोनी उंचवटा म्हणजे कुणी सोडून गेलेल्या शेतघराचे जोते, की नुसतीच मातीची रास? हे ठरवण्यासाठी जानेवारी २००४ मधल्या एका पहाटे पुरातत्त्वाची अभ्यासक दीपिका हिची मोहीम मालवणजवळच्या एका वाडीतून निघाली. वेळ थोडा होता. आठवड्याभरात तिथे चिरेखाणीचे यंत्र चढणार होते.

"घर ठरला तर यंत्र नाय," सामाईक जमिनीचे एक मालक भाई म्हणाले होते. "पूर्वजांच्या चुलीर कोण खण घालीत?" दुसरे मालक, त्यांचे चुलतभाऊ गुणाजी, यांनी चक्क मान डोलावली होती. त्या दोघांचे एकमत झाल्याचे वाडीत कुणाला आठवत नव्हते.

आता दोघेही सोबत होते. मदतीला नव्हे, एकमेकांवर नजर ठेवायला. करवंदीच्या जाळ्यांनी तिघांनाही सोलून काढले. माथ्यावर पोहोचून दीपिकाने टेप काढताच गुणाजी पुढे झाले.

"बाय, ह्येच्या हातात दिलंस तर हातभर जमीन गिळीत!"

"आणि तू काय उपाशी रवतलंस?"

"अहो, ही वाटणीची मोजणी नाही!"

"टेप इली म्हणजे वाटणी इली, गो," भाई समजुतीने म्हणाले.

अखेर दोघांनी एकेक टोक धरले. कोवळे तिरपे ऊन सुकलेल्या गवतावर पसरले आणि जमिनीतल्या एरवी न दिसणाऱ्या उंचसखल रेषा सावल्यांनी उमटू लागल्या. चार बाजू, चार कोन! पण दीपिकाचा चेहरा पडला. चौकोनाच्या बरोबर मधून एक बांध आरपार गेला होता. घराच्या पोटातून बांध कोण घालील?

तेवढ्यात जाळी हलली. फुरफुर! रानडुक्कर! दीपिका दगडांच्या राशीवर चढली. दोघे भाऊ एकाच काजूच्या झाडावर!

"भाई, माका वयर ओढ रे!"

"आधी टेप सोड!"

"मरान, पण सोडूचंय नाय!"

डुक्कर ताणलेल्या टेपखालून सुसाट निघून गेले. मग काजूवरचे हुमले जागे झाले! त्या लाल मुंग्यांनी कडाडून चावा घेताच भाईंनी थेट बांधावर उडी टाकली. माती ढासळली आणि आतून तासलेले चिरे दिसले; तो बांध नव्हे, दगडी भिंत होती. त्यांच्या दोन्ही अंगांना झिजलेले उंबरे होते, एकमेकांना पाठ करून.

झाडावर अंग खाजवणारे गुणाजी एकाएकी थांबले.

"भाई... एकच घर. मधी गडगो. दोन दारां."

भाईंनी उंबऱ्यावरची माती हाताने पुसली. "आमचाच घर ह्या, बाय! दुसऱ्या कोणाचा असूचाच नाय!"

चिरेखाणवाल्याला त्याच दुपारी नकार गेला.

आनंदलेल्या दीपिकाने नकाशा पुरा केला आणि टेप मागितली.

"आधी तेका सोडूक सांग," गुणाजी म्हणाले.

"आधी तू!"

सूर्य कलू लागला. दीपिकाने टेपवर पाणी सोडले आणि एकटीच सडा उतरू लागली.