शिडीची तिसरी पायरी

तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर अडकला होता. वर नाही, खाली नाही. एका हातात ब्रश, आणि दुसऱ्या हाताने शिडीला अशी मिठी, जणू शिडीच पळून जाणार आहे!

मी खालून आमच्या ज्युदोच्या क्लासकडे निघाले होते. टपकन एक निळा थेंब माझ्या पांढऱ्या कोटावर पडला.

"अहो रंगारी! एक तर वर चढा, नाहीतर खाली या!"

"दोन्ही जमत नाहीये," तो अगदी सभ्यपणे म्हणाला. "कोट धुऊन देतो. पण आधी मला उतरवा."

मी शिडी धरली. "डावा पाय... आता उजवा... माझ्याकडे काय बघताय? पायरीकडे बघा!"

"पायरीपेक्षा—" तो बोलता बोलता थांबला. खाली आला तेव्हा कान लालबुंद होते.

दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची अक्षरं रंगवणं हे त्याचं काम. वर्षापूर्वी शिडीवरून पडला, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण तिसऱ्या पायरीच्या वर गेलं की हात थरथरायचा.

"मी पडायला शिकवते," मी म्हणाले.

"ते मला येतं की! न शिकता."

"तुम्ही आदळता. पडणं वेगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्लासच्या दारात हजर. "पडायला आलं की निघालो हं, मास्तरीणबाई. वर फार कामं थांबलीत माझी."

मी सहा वर्षांची असताना बाबांनी मला पहिल्यांदा मॅटवर उभं केलं. चाळीस वर्षं शिकवून त्यांनी क्लास माझ्या हाती दिला, तरी बहात्तराव्या वर्षीही चहाआधी दहा वेळा पडल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. पडताना गुणगुणतात —

एक पडावं पानावाणी,
दोन पडावं पाण्यावाणी,
तीन पडावं तान्ह्यावाणी —
उठताना हसू गालावरी!

"काका, अजून किती शिकायचं राहिलंय तुमचं?" रंगाऱ्याने विचारलं.

"आजचं," बाबा म्हणाले.

आमच्याकडे नव्या माणसाला लगेच पट्टा मिळत नाही. पडणं पक्कं झालं की शिकवणाऱ्याने आपल्या हाताने पहिला पट्टा बांधायचा. तोवर कोट मिळेल त्याने आवळायचा. याने रेघा मारायची आपली सुतळी बांधली. तिच्यातली निळी भुकटी आठवड्यात सगळ्यांच्या कोटांवर उमटली. माझ्या तर बाह्यांवरही.

दुसरा रिवाज दोन थापांचा. समोरच्याने पकडीत घेतलं आणि सुटेना, तर हाताने दोनदा थापटायचं. हरलो, सोड.

"ही माझी लेक," बाबांनी त्याला सांगितलं, "वीस वर्षांत हिने कुणापुढे दोन थापा दिल्या नाहीत. दगड आहे नुसता!"

"दगडावर रंग फार छान बसतो, काका," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी मुद्दाम त्या दिवशी त्याला अकरा वेळा पाडलं.

दोन महिन्यांत तो पानासारखा पडू लागला. हलका, गोल, मॅटवर हाताच्या तळव्याचा आवाज एकदम सुरेल. मी मात्र म्हणत राहिले, "कोपर बाहेर जातंय." मग, "हनुवटी बघा." मग पुन्हा, "कोपर..."

तो "बरं" म्हणायचा, आणि पुन्हा पडायचा.

तिसरा महिना संपताना एके सकाळी तो कोट न घालताच आला. "थिएटरची भिंत रंगवायला आली होती. तीन मजली! नाही म्हणून सांगायला चाललोय."

"का?"

"तुम्ही अजून कोपर म्हणता ना. तुम्ही बरोबर म्हणाल, तेव्हाच चढेन मी." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "अशी भिंत पुन्हा येईलच असं नाही. असू दे."

तो गेला. बाबा कोपऱ्यात टॉवेलची घडी घालत होते.

"कोपर?" ते म्हणाले. "महिना झाला, त्याचं कोपर तुझ्यापेक्षा सरळ आहे."

"बाबा..."

"लाडाने कधी चुकीला बरोबर म्हटलं असेन मी. पण बरोबर असलेल्याला चूक? ते नाही केलं, पोरी."

मी खुंटीवरचा पांढरा पट्टा ओढला आणि धावले. अनवाणी, कोटातच. रस्त्यात लोक वाट सोडत होते. कुणाला तरी मारायलाच निघालेय असं वाटलं असेल.

थिएटरच्या फाटकापाशी तो सापडला.

"सांगितलंत?"

"आत चाललोय."

"नका सांगू. तुमचं कोपर बरोबर आहे. महिनाभर बरोबर आहे." माझा श्वास फुलला होता. "मी... खोटं बोलले."

"का?"

"पट्टा बांधला की तुम्ही निघून जाल, म्हणून."

त्याने मान वर करून थिएटरची भिंत पाहिली.

"महिनाभर मला वाटत होतं, आपण आता कधीच वर जाणार नाही."

"रागवा ना."

"रागावलोय." त्याने खिशातली सुतळी काढून माझ्या हातात ठेवली. "पट्टा बांधा आता."

फाटकाशीच, त्याच्या रंगाने माखलेल्या शर्टावरून, मी पट्टा बांधला. गाठ दोनदा सुटली.

"हात थरथरतोय तुझा," तो हळूच म्हणाला. तुझा! "कितव्या पायरीवर आहेस?"

"तिसऱ्या," मी म्हणाले.

मग थिएटरच्या भिंतीला शिडी लागली. मी खालून धरली. एक... दोन... तिसऱ्या पायरीवर तो थांबला.

"पडलो तर?"

"पड की! शिकवलंय मी. आणि कुठे निघून जातोस, तेही इथूनच दिसेल मला."

"जातो कुठे? पडणंच तर झालंय, काका म्हणाले. उठणं अख्खं बाकी आहे!"

तो चढला. चौथी, सातवी, बारावी... पांढऱ्या पट्ट्याची टोकं वाऱ्यावर उडत होती. उंचावर त्याने पहिली रेघ ओढली. सरळ, निळी, जराही न हललेली.

मग त्याने ब्रश दातात धरला, आणि मोकळ्या हाताने शिडीवर थापटलं. दोनदा.

शिडीतून ते माझ्या तळव्यांपर्यंत उतरत आलं. मी वर पाहिलं. वीस वर्षांचा हट्ट... आणि तो खाली उतरायची वाट बघायलाही मला धीर नव्हता.

मीही थापटलं. दोनदा.

फक्त आमच्या दोघांतल्या कुणीच सोडलं नाही.