आकृतीच्या शेजारी

वाचा गेल्यापासून अप्पांनी नुसतं कण्हायचं आणि घरच्यांनी अंदाज बांधायचे, असं चाललं होतं. डॉक्टर म्हणत, तपासण्यांत काही दिसत नाही, नेमकं कुठे दुखतं ते कळू दे. शेवटी थोरल्या लेकीने मनावर घेतलं. ऑफिसात दिवसभर परक्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते, मग बापासाठी एक लिहायला काय धाड भरलीय?

तिने पडद्यावर माणसाची आकृती काढली. खांदा, पोट, बरगड्या, सगळेच आकार वेडेवाकडे. म्हणून तिने नेहमीची युक्ती केली. क्लिक पडेल तिथून पडद्याच्या कडेपर्यंत एक न दिसणारी रेघ न्यायची आणि ती आकारांच्या सीमा किती वेळा ओलांडते ते मोजायचं. विषम आलं तर क्लिक आत, सम आलं तर बाहेर. आत असलं की तो भाग लाल व्हायचा.

"अप्पा, कुठे दुखतंय? दाबा बघू."

अप्पांनी माउस सरकवला आणि आकृतीच्या शेजारी, कोऱ्या जागेत क्लिक केलं. खाली शब्द उमटला: आत. लाल मात्र काहीच झालं नाही.

"झालं! गंडला तुझा प्रोग्रॅम," धाकटा भाऊ म्हणाला.

"गप रे. रेघ बरोब्बर आकाराच्या कोपऱ्यातून गेली असेल. तिथे मोजणी फसते."

कोपऱ्यांची भानगड तिने निस्तरली. अप्पांनी पुन्हा तिथेच क्लिक केलं. आत. तिने आकृतीच मोजणीतून वगळली. आता रेघ ओलांडणार काय, डोंबल?

आत.

"ताई, बंद कर ना," भाऊ हळूच म्हणाला.

तिचाही हात बंदच्या बटणाकडे गेला. पण अप्पा घामाने निथळत होते आणि ती इरेला पेटली होती. आकृती परत मोजणीत घेऊन तिने पडद्याचा प्रत्येक ठिपका तपासायला लावला. आत असेल तो करडा.

अप्पांची आकृती भरली. मग शेजारी एक डोकं भरलं, नाक-हनुवटी अप्पांकडे वळलेली. मग मान. मग लांब हात.

दोन आकार एकमेकांत शिरले की मोजणी सम होते, तेवढी जागा कोरी राहते. अप्पांच्या बरगडीत पाच बोटं कोरी राहिली होती.

"सोड त्यांना," ती मोठ्याने म्हणाली आणि तिने अप्पांची आकृती पडद्यावरून कायमची पुसली.

अप्पांनी लांब श्वास सोडला. कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"ताई, किती दिवसांनी झोपले गं!" भावाला रडूच फुटलं.

तिने पुन्हा रंग भरला. तो हात आता रिकामा होता. नाक-हनुवटी दिसत नव्हती, नुसतं गोल डोकं, पडद्याबाहेर वळलेलं, मघापेक्षा मोठं.

तिने अप्पांची खुर्ची अलगद मागे ओढली आणि स्वतः पडद्यासमोर येऊन बसली.

तिने पुन्हा रंग भरला. या वेळी पडद्यावर कोरी जागा उरली नाही.