अर्धा आटा

आता तिथे चष्म्यांचं दुकान आहे. काचेच्या दारावर ‘ओढा’ असं ठसठशीत लिहिलेलं आहे आणि येणारा प्रत्येक जण ते ढकलतो. एके काळी त्या जागी सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्याला दारच नव्हतं, त्यामुळे चुका करायला माणसांना दुसऱ्या जागा शोधाव्या लागत.

एका दुपारी, पाऊस कंटाळून नुकताच थांबला होता तेव्हा, त्या दुकानासमोरून एक तरुण सायकलवर चालला होता. दुकानात येण्याचा त्याचा काही विचार नव्हता.

“अहो, थांबा! ती सायकल रडतेय तुमची.”

तो थांबला. आत एक मुलगी उकिडवी बसली होती आणि उलट्या टांगलेल्या चाकाच्या दोन आऱ्यांमधून त्याच्याकडे बघत होती. कपाळावर ग्रीसचा एक काळा पट्टा. केस मागे सारताना तो तिने स्वतःच ओढला होता. तिला तो दिसत नव्हता... आणि त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

“काय काय बदललंत?”

“चेन. गिअरची तार. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या. सगळं नवंकोरं. मी स्वतः बसवलं.”

“ते ऐकू येतंय. जुनं होतं तेव्हा चालत होती?”

“...उत्तम.”

तिने मागचं चाक उचलून पॅडल फिरवलं. गिअर घशात काटा अडकल्यासारखा खरखरला.

“ही छोटी पट्टी दिसते? चेन हिच्या आतून जायला हवी. तुम्ही बाहेरून ओवलीत, म्हणून घासतेय. काय काम करता तुम्ही?”

“गावातल्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढतो.”

“अरे देवा,” ती म्हणाली. “मग आमच्याकडे पाणी का येत नाही ते कळलं.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिचे बाबा बसले होते. दुकान त्यांचं, पण डोळे अधू झाल्यापासून ते फक्त कानांनी दुरुस्ती करत. “चौथ्या चकतीवर कुरकुरतेय,” ते डोळे मिटून म्हणाले. “तार सैल आहे.” त्या दिवसापासून त्या दुकानात त्या तरुणाचं नाव कुरकुऱ्या पडलं.

तिने चेन सोडून पुन्हा ओवली, तार ताणली, आणि निघताना म्हणाली, “नवी तार सुरुवातीला लांबते. आठ दिवस चालवा आणि दाखवायला आणा.”

“आणि नाही लांबली तर?”

“लांबते,” ती म्हणाली. तिची नजर पान्यावर होती. “तरीही आणा.”

आठव्या दिवशी तो आला. सायकल धुतलेली, केस विंचरलेले. सायकलीला त्याची गरज नव्हती, केसांना होती. तार खरोखरच लांबली होती. तिने ती नीट केली आणि इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण मागच्या गिअरपाशी तारेच्या टोकाला एक छोटी घुंडी असते. एका बाजूला फिरवली की तार ताणली जाते, दुसऱ्या बाजूला फिरवली की सैल पडते. अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, इकडचा तिकडे झाला, की शहाण्या सायकलीचं डोकं फिरतं. ही माहिती तिने त्याला अगदी प्रेमाने दिली होती, आणि प्रेमाने दिलेली माहिती माणूस वापरतोच.

पुढच्याच आठवड्यात तो हजर. “पुन्हा अडखळतोय. तिसऱ्यावरून चौथ्यावर जायला आढेवेढे घेतोय.”

तिने तारेवर बोट ठेवलं. तार कशी ताठ, सतारीसारखी! आता तार वापराने लांबते. आपोआप आखडणारी तार अजून कुणी पाहिलेली नाही. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखात काळं ग्रीस होतं.

“काय झालंय?” त्याने भाबडेपणाने विचारलं.

“तार हट्टी आहे,” ती गंभीरपणे म्हणाली. “लक्ष ठेवावं लागेल.”

मग काय! तो घरी जाऊन अर्धा आटा आवळायचा, ती दुकानात तो सोडायची. मधल्या वेळात गप्पा व्हायच्या. कुठल्या गल्लीत नळ गंजलाय, कुठल्या गल्लीत कुत्रं चावतं, तिला ग्रीसचा वास का आवडतो, तो राहायचा त्या मावशीच्या घरची उशी त्याला का आवडत नाही... बाबा डोळे मिटून बसलेले असायचे. झोपलेत असं दोघांनाही वाटायचं. तसं वाटणं सोयीचं होतं.

आणि एक दिवस तो म्हणाला, “नकाशा संपला.”

“म्हणजे?”

“गावातले नळ संपले. या महिन्याच्या शेवटी डोंगरापलीकडच्या गावी जायचंय... तिथले नळ मोजायला.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि आधीच घट्ट असलेला नट आणखी घट्ट करत राहिली. “तिकडेही सायकलवाले असतील.”

“असतील. असतात सगळीकडे.”

त्या दिवशी, दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदा, तिने जाणूनबुजून वाईट काम केलं. घुंडी नीट बसवली आणि मग हळूच अर्धा आटा जास्त सैल सोडली. न जाणो, त्याने या वेळी हात लावलाच नाही तर? जाण्याआधी एकदा तरी त्याने यायला हवं होतं.

तो घरी गेला. मावशीच्या परसात बसून नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्याने न बघता अर्धा आटा आवळला, आणि झोपला.

सकाळी सायकल अशी चालली, की काय सांगावं! पत्ते पिसणाऱ्याच्या हातून पान सुटावं तसा एकेक गिअर पडत होता. त्याने मुद्दाम चढ चढला. उतरला. पुन्हा चढला. कुरकुर म्हणून नाही. तो पांढराफटक पडला.

“सायकल बिघडली का रे?” मावशीने विचारलं.

“नाही गं. उत्तम चालतेय.”

“मग सुतकी चेहरा कशाला? लोक उलट करतात.”

त्याला एकच अर्थ दिसला. तिने गिअर असा पक्का लावलाय, की आपण पिळला तरी बिघडू नये... म्हणजे आता येऊ नका. पुन्हा पिळून पाहावा म्हणून त्याचा हात घुंडीपर्यंत गेला, पण परत आला. निरोपाचं एवढं सुबक काम मोडवेना.

इकडे ती रस्त्याकडे कान लावून होती. तार एवढी सैल, गिअर जागेवर थांबत नसणार, तरी हा येत नाही... म्हणजे त्याला यायचंच नाही.

“कुरकुऱ्या दिसला नाही,” बाबा म्हणाले.

“सायकल नीट झाली असेल.”

“होईल कशी? तू अर्धा आटा सैल सोडलीस. तो निघाला तेव्हा ऐकलं मी.” बाबांनी डोळे उघडायचे कष्ट घेतले नाहीत. “माझे डोळे गेलेत, पोरी. कान नाही गेले.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो आला. कॅरिअरला वळकटी बांधलेली.

“काय तक्रार?” तिने विचारलं. आवाज जरा जास्तच कोरडा निघाला.

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“हीच तक्रार आहे.”

तिने मागचं चाक उचललं, पॅडल फिरवलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा... लोण्यासारखे. “हे शक्यच नाही!”

“का?”

“कारण मी अर्धा आटा—” ती थांबली. उशीर झाला होता.

“अर्धा आटा काय?”

“...जास्त सैल सोडला होता. मुद्दाम.”

तो जुन्या टायरांच्या ढिगावर मटकन बसला. “आणि मी घरी जाऊन अर्धा आटा आवळला. मुद्दाम.”

“ते तर तुम्ही नेहमीच आवळता.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तार कधी आखडते का, अहो?”

“मग बोलला का नाहीत इतके दिवस?”

“बोलले असते,” ती घुंडीकडे बघत म्हणाली, “तर तुम्ही आवळायचं थांबवलं असतंत.”

कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला. “दोन वेड्यांनी मिळून पहिल्यांदा गिअर बरोबर लावलाय. आता कुणी हात लावू नका.”

पण तिने हात लावलाच. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक कोरी तार काढली आणि त्याच्या सायकलीची चांगली चालणारी तार सोडू लागली.

“अहो, ती नवीच आहे!”

“असेल. ही जास्त नवी आहे.” तिने टोक आवळलं आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. “नवी तार लांबते. आठ दिवसांनी दाखवायला आणायची.”

“मधे डोंगर आहे...”

“मग गिअर कशाला बसवलेत?”

तो डोंगर त्याने पुढे किती वेळा ओलांडला याचा हिशोब त्याच्या गुडघ्यांकडे आहे, आणि थंडीत ते तो मांडतात.

परवा त्याला नवा चष्मा करायचा होता. दोघं मिळून गेले. त्याने काचेचं दार ढकललं.

“ओढा लिहिलंय,” ती म्हणाली. “नकाशे काढायचात ना तुम्ही?”

आत, बाबांची खुर्ची जिथे असायची, तिथेच चष्मेवाल्याचं स्टूल होतं. तो त्यावर बसला. ती बाजूला उभी राहिली. पांढरे केस तिने हाताने मागे सारले, तेव्हा तो तिच्या कपाळाकडे बघत राहिला, जणू तिथे अजून काही पुसायचं राहिलंय.

“बोला आजोबा,” चष्मेवाला म्हणाला, “काय तक्रार?”

“काही नाही.”

“मग आलात कशाला?”

ती भिंतीकडे तोंड करून हसत सुटली. चष्मेवाल्याला काही कळेना. तो तरी काय करणार? त्याच्या दुकानाला दार होतं, आणि माणसं आपल्या चुका तिथेच उरकून आत येत.