बिननावाचं आवतण

पोरं शेकोटीजवळ सरकली, तसं सोनाजीतात्यांनी घोंगडं खांद्यावर ओढलं आणि म्हणाले, "पुंजाजीला मी बघितलेलं हाय. आमच्या साखरा गावचाच. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच न्हाई." मग त्यांनी सांगितलं ते असं.

अठ्ठेचाळीस साल. मार्गशीर्षातली अवस. निजामाचं राज्य जाऊन साडेतीन महिने झाले होते. रझाकारांच्या धामधुमीत वऱ्हाडात पळालेली माणसं एकेक करून परतत होती. पुंजाजीही वाशिमहून बायको कौशल्याबाई आणि लेक नर्मदी यांना घेऊन आला होता. पण कौशल्याबाईचं मन इथं लागेना. "भिंती हायेत, छप्पर न्हाई. कुणी दारात येऊन विचारत न्हाई. काहून राहायचं इथं?" ती रोज म्हणे. शेवटी दोघांत ठरलं. अवसेला शेतात हुरडा करायचा, पुंजाजीच्या जुन्या सोबत्यांना बोलवायचं. ते आले तर गावात राहायचं. न आले तर उजाडताच गाडी वाशिमच्या वाटेला.

दिवस कलताना पुंजाजी आवतण द्यायला निघाला.

ग्यानबा दारात दोरी वळत बसला होता. दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखलेली.

"चल गड्या हुरड्याला. देवलालाबी सांगतो. पहिल्यासारखं बसू."

"पहिल्यासारखं?" ग्यानबानं मान वर केली नाही. "आमी कडब्याच्या गंजीत लपून राती काढल्या. तू तिकडं जिलबी खाऊन राहिला होता."

"जिलबी कुठली बाबा? हमाली केली."

"बरं बरं. तू हो म्होरं. आलोच."

देवलानं बस म्हटलं नाही. "म्हैस पिळतो अन् येतो," एवढंच बोलला. त्याची म्हैस आटलेली होती. गोठ्याकडं बघून कुणालाही कळलं असतं. पुंजाजी ओठ चावत शेताकडं वळला.

आगटी पेटवली. गोवऱ्यांचा निखारा झाला. कौशल्याबाईनं गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी मांडली, घोंगड्या अंथरल्या. पुंजाजीनं कणसं निखाऱ्यात घातली. ती करपली तरी कुणी आलं नाही. त्यानं दुसरी घातली. बांधावर जाऊन बघून आला. परत गेला. परत आला. अंधार दाट झाला.

"म्हैस पिळून झाली न्हाई वाटतं अजून," कौशल्याबाई म्हणाली.

"येतील म्हणलं ना!"

"मी कुठं काय म्हणलं? गाठोडं बांधूनच ठेवलंय मी."

ते त्याला झोंबलं. लहानपणापासूनची दोस्ती, आणि पोरीला दाखवायला एक माणूस नाही. तो तरातरा बांधावर चढला आणि गावाकडं तोंड करून ओरडला, "कुणीच न्हाई का रे? मग ज्याला यायचं त्यानं या! कुणीबी या! जो येईल त्याच्यासाठी ऱ्हाईन मी गावात!"

"अवो, नाव घ्या!" कौशल्याबाई खालून किंचाळली.

रातीचं आवतण नाव घेऊनच द्यायचं. मोघम द्यायचं नाही, भलतंच कुणी येतं. हे साखऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रागात तोंडातून गेलं ते गेलं.

पुंजाजी खाली आला. आगटीच्या पलीकडं, धुराच्या आड, माणूस बसला होता. डोक्यावरून घोंगडं घेतलेलं.

"ग्यानबा?" पुंजाजीचा जीव भांड्यात पडला. "लई वाट बघायला लावली गड्या."

...

"देवला हायेस का? रुसला काय?"

...

घोंगड्यातून दोन हात निघाले. निखाऱ्यातलं कणीस त्यांनी उचललं. चटका नाही, हात झटकणं नाही. तळव्यावर चोळलं. दुसरं उचललं. चोळलं. दाणे आणि फोलपटं तळव्यावर तशीच साचत गेली.

कौशल्याबाईनं नवऱ्याचा दंड धरला.

"अवो... ह्यो फुंकत काहून न्हाई?"



गारठा होता. तिघांच्या तोंडातून वाफ निघत होती. तिघांच्याच.

ते हात हळूच पुढं आले. धुरातून. नर्मदीच्या तोंडापाशी थांबले. बापाच्या तळव्यावर रोज फुंकणारी पोर ती. तिनं गाल फुगवले.

"नर्मदे... न्हाई..."

तिनं फुंकलं.

फोलपटं उडाली. दाण्यांवर मूठ मिटली. घट्ट. मग तो उठला. उभ्या जवारीत शिरला. पान हललं नाही.

तिघं घराकडं पळाले. रात्रभर कुणी डोळा मिटला नाही.

उजाडलं तसं पुंजाजीनं बैल जुंपले. "सोडलं हे गाव," म्हणाला. कौशल्याबाई वाटेत लागतील म्हणून भाकरी थापत होती. चूल धुमसत होती. हात पिठाचे, म्हणून तिनं फुंकणी लेकीपुढं सरकवली.

नर्मदीनं गाल फुगवून फुंकलं. चुलीतली राख हलली नाही.

"जोरानं फुंक की."

पोरीनं पुन्हा फुंकलं. मानेच्या शिरा ताठल्या. डोळ्यांत पाणी आलं. कौशल्याबाईनं फुंकणी ओढून घेतली आणि स्वतः फुंकलं, तर राख भस्सकन् तिच्या तोंडावर उडाली.

तिनं फुंकणी परत लेकीच्या हातात दिली.

पुंजाजी दारात येऊन उभा होता. जो येईल त्याच्यासाठी राहीन, हा बांधावरचा शब्द त्याला आठवला. तो बाहेर गेला आणि बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं.

आत नर्मदी फुंकतच होती. राख जिथल्या तिथं.