मुका सोमवार

गुंजननं फोन उचलला तो केवळ अनुसयाबाईंची बस चुकली म्हणून. दर रविवारी त्या खेड्यावरून सेलूला येत, प्रभाकररावांच्या किराणा दुकानातल्या फोनजवळ पदर सावरून बसत, आणि जर्मनीहून लेकाचा फोन आला की हसत-रडत बोलत. त्या दिवशी त्यांचं स्टूल रिकामं होतं, प्रभाकरराव तूरडाळ जोखत होते, घंटी वाजत होती. त्यांच्या लेकीनं, गुंजननं, रिसीव्हर कानाला लावला.

"माय?" आवाज घोगरा, दमलेला… आणि तरी कसा मऊ.

"माय नाई. दुकानदाराची गुंजन," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

हा स्वप्निल. सरकी काढायच्या यंत्रांचं काम शिकायला कंपनीनं त्याला वर्षभर तिकडं धाडलं होतं. महिनाभर घसा बसलेला. दवाखान्यात फोन लावला की पलीकडची बाई भराभर काहीतरी विचारी, आणि हा घाबरून फोन ठेवून देई. कंपनीचा दुभाष्या नोकरी सोडून गेलेला. आईला यातलं काही सांगायचं नव्हतं. गुंजनला मात्र त्यानं सगळं सांगितलं.

तिनं नागपूरला दोन वर्षं जर्मनचे वर्ग केले होते. सेलूत त्या भाषेला कुणी विचारत नव्हतं. तिनं दवाखान्याचा नंबर मागून घेतला, आणि देवाचं नाव घेऊन त्याची वेळ ठरवून टाकली.

मग रविवार लांबत गेले. मायचं बोलणं झालं की तो हळूच म्हणे, आता जर्मन मॅडमले दे. दुखणं कसं सांगायचं ते ती शिकवी. तो मुद्दाम चुकवी, म्हणजे ती पुन्हा म्हणेल… तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. तिच्याजवळ होता तो फक्त त्याचा आवाज. आणि तोच दर रविवारी थोडा थोडा फाटत चालला होता.

श्रावण लागता लागता तिथल्या डॉक्टरनं स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणून सांगितलं. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. पण तिथं नव्या रोग्याला वेळ मिळे ती सोमवारी सकाळी, फोनवरच. आणि श्रावणी सोमवारी गुंजन बोलत नसे. पहाटे मिटलेलं तोंड संध्याकाळी महादेवाला बेल वाहूनच उघडायचं, असं तिचं व्रत होतं. ते एकदाही मोडलं नव्हतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "देवाचं हाय. श्रावण सरल्यावर पाहू."

"गाठ श्रावण पाहून थांबते काय?"

तो खाकरला. "अन् आवाज गेलाच… तर तुमी वळखसान मले?"

तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

सोमवारी ती सकाळीच देवळात गेली आणि पिंडीसमोर हात जोडून बसून राहिली. दुपारी, तिकडं सकाळ झाल्यावर, दुकानात येऊन तिनं नंबर फिरवला. तोंड उघडलं तसा प्रभाकररावांच्या हातातला तराजू अधांतरीच राहिला. पलीकडच्या बाईला नाव काही समजेना. गुंजननं ते एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग अख्खं म्हटलं. जे नाव तिनं कधी मनातसुद्धा मोठ्यानं घेतलं नव्हतं, ते भर दुकानात, बापासमोर… वेळ मिळाली. तिचे कान लाल झाले होते.

दिवा लागल्यावर वडिलांनी विचारलं, व्रत काऊन मोडलं बाई?

"महादेवाले विचारलं होतं, बाबा. तो नाई म्हणाला नाई."

प्रभाकररावांनी तराजू खुंटीला टांगला. मग म्हणाले, "पोराचं नाव चांगलं हाय."

गाठ काढली. साधीच निघाली. दवाखान्यातल्या नर्सनं गुंजनला फोनवर सांगितलं, तो बरा आहे. फक्त काही दिवस अवाक्षर बोलायचं नाही. आवाज पहिल्यासारखा येईल का, हे तिलाही सांगता आलं नाही.

श्रावणातला शेवटचा सोमवार. गुंजन मौनात होती. भरदुपारी फोन वाजला, आणि तिनं तो उचलला.

तिकडून काहीच नाही. इकडूनही नाही. दूरवरच्या वाऱ्यासारखी खरखर, आणि तिच्यात एक श्वास… ती भिंतीला टेकली. आवाजाशिवायही तिनं त्याला ओळखलं होतं.

हे त्याला कळवायचं कसं? तिनं मनगट रिसीव्हरजवळ नेलं आणि काचेच्या बांगड्या हलकेच वाजवल्या. थोडा वेळ गेला. मग तिकडून बोटाची टकटक आली… हळू, अडखळत, मुद्दाम चुकवल्यासारखी.

"कोनाचा फोन हाय?" प्रभाकररावांनी विचारलं.

डोळे पुसत तिनं नुसती मान हलवली, आणि बांगड्या पुन्हा वाजवल्या.