वळणांक

जुळेवाडीत वीस वर्षांत एकही डोकं फुटलं नव्हतं, म्हणून गावाने डॉ. केतकी बरडे यांना बोलावून शाल-श्रीफळ दिलं. धरणात बुडालेल्या जुन्या गावात वरची आळी आणि खालची आळी जत्रेतल्या मानपानावरून एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. दोन मुडदे पडले होते. नवं गाव वसवताना केतकीच्या ‘आखणी’ या संगणकप्रणालीने एक साधी गोष्ट केली. माणूस अंतर पावलांनी नाही, वळणांनी मोजतो. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जितकी वळणं, तितका त्या घरांचा वळणांक. तो आठाच्या वर गेला की माणूस काम नसताना तिकडे फिरकत नाही, आणि आपण फिरकत नाही हे त्याला कळतही नाही. इथे ‘आखणी’ने दोन आळ्यांमधला वळणांक अकरा ठेवला होता. ना भिंत, ना पहारा.

समारंभ आटोपला तशी वरच्या आळीतली सगुणाबाई पुढे आली.

“बाई, माझी धाकटी भन तान्ही खालच्या आळीत दिलीया. माज्या परड्यातनं तिच्या घराचं छप्पर दिसतं. पन सा वर्सं झाली, मी गेलेच न्हाई.”

“भांडण झालं का?”

“भांडान कशापायी? जाऊ जाऊ म्हनता ऱ्हाऊनच गेलं. आता तिनं हातरूण धरलंय. माज्या परड्यामागं येक बोळ काढून द्या की.”

केतकीने मंडपातच ‘आखणी’च्या पडद्यावर बोळ आखून पाहिला. वळणांक तीनवर आला. त्याखाली दुसरा आकडा उमटला : वर्षाच्या आत मारामारीची शक्यता, दहात सहा. तिने बोळ पुसून टाकला.

“बोळ नाही काढता येणार, मावशी. पण चला, मी नेते तुम्हाला.”

दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. परतताना सगुणाबाईने गळ्याची शपथ घेतली, “आता रोज येनार बगा.”

दोन महिन्यांनी केतकीने फोन केला.

“तान्ही गेली की, बाई. मंगळवारी,” सगुणाबाई म्हणाली. “त्या दिसानंतर मी गेलेच न्हाई. रोज म्हनायची, उद्या जाते.”

केतकीने फोन ठेवला. उद्या जाते, असं तीही चार वर्षं म्हणत होती. तिचा सख्खा भाऊ तिच्याच सोसायटीत, मागच्या इमारतीत राहत होता. वाकडं काहीच नव्हतं, वेळ मिळत नव्हता इतकंच.

तिने सोसायटीचा नकाशा उघडला. तिच्या आणि दादाच्या दारांमधला वळणांक नऊ होता. हल्ली घर घेणाऱ्याला वळणांक सांगून घर मागता येई, आणि त्या मागणीची नोंद ‘आखणी’त राही. वडील गेल्यावर दोन्ही घरं दादानेच पाहिली होती. “जवळ राहू गं,” असं म्हणाला होता.

तिने नोंद उघडली. दादाच्या नावापुढे मागणी लिहिली होती : बहिणीच्या दारापासून जास्तीत जास्त.