कातड्याचा बँजो

डेप्युटी शेरीफ विल्मा रॅटलिफला शोधत रॉस्को वायर्स स्वतःच चिखल तुडवत आला, तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"हार्लन नाहीये," तो म्हणाला. "ट्रेलरमध्ये नाही, जेवणाच्या तंबूत नाही. साडेसहाला आम्हाला स्टेजवर चढायचंय."

"संडास बघितलेस?"

"तिन्ही बघितले."

विल्मानं रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली. अठ्ठ्याहत्तर सालचा जुलै होता आणि दोन वाजल्यापासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दरवर्षी या संगीत मेळ्याचा बंदोबस्त तिच्याच गळ्यात पडायचा. एरवी कटकट म्हणजे काय, तर चिखलात रुतलेल्या गाड्या आणि दारू जास्त झालेला एखादा फिडलवाला. माणूस हरवायची ही पहिलीच वेळ.

आणि माणूस तरी कोण, तर हार्लन स्टिल्टनर. रॉस्कोच्या 'टर्की गॅप' बँडचा बँजो. वाद्यं ब्लूग्रासची, म्हणजे जुन्या डोंगरी संगीताचीच, पण ही पोरं एकेक गाणं वीस-वीस मिनिटं ताणायची, मध्येच जॅझमध्ये घुसायची, कुठून कुठं जायची याचा त्यांनाही पत्ता नसायचा. जुनी खोडं नाकं मुरडायची. गंमत अशी की हार्लन स्वतः जुनं खोड. पासष्ट वर्षांचा, कायम टाय लावणारा, आणि त्या केसाळ पोरांत सगळ्यात धीट वाजवणारा.

"शेवटचं कुणी पाहिलं त्याला?"

"पाहिलं म्हणजे... तीनला मी त्याच्याशी बोललो. पण पाच वाजता तो ट्रेलरमध्ये वाजवत होता. अख्ख्या तंबूनं ऐकलंय."

"मीही ऐकलंय," विल्मा म्हणाली.

खरंच ऐकलं होतं. पाचला ती खाली ओढ्यावरच्या फरशी पुलाकडे निघाली होती. पाऊस लागला की पुलावर आडवं लाकूड टाकून रस्ता बंद करायचा, हे तिचं ठरलेलं काम. वाटेत हार्लनच्या बंद खिडकीखाली ती थांबली. बँजो नुसता खणखणत होता. संपेपर्यंत हलवेना. मग वायरलेसवर कुणाची तरी गाडी गेटात रुतल्याचं आलं, ती तिकडे वळली, आणि फरशी राहून गेली. वहीत तिनं वेळही लिहून ठेवली होती, एरवी कधी लिहीत नाही ती.

"म्हणजे गायब होऊन फार तर तास झालाय," ती म्हणाली. "बँजो घेऊन गेलाय?"

"नाही. तेच तर. बँजो ट्रेलरमध्येच आहे. बँजो टाकून बँजोवाला लांब कुठं जाईल, मिस विल्मा? इथंच असणार तो."

सगळ्या मैदानाचं तेच मत पडलं. चाळीसएक माणसं तंबूंच्या मधून हाका मारत हिंडू लागली.

ट्रेलरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॉफीचा कप, घडी केलेला टॉवेल, फळीवर एक टेपरेकॉर्डर आणि पलंगावर बँजोची पेटी. विल्मानं पेटी उघडली. हार्लनच्या बँजोच्या डफासारख्या गोल तोंडावर अजून वासराचं कातडं होतं, बाकीच्यांनी वीस वर्षांपूर्वीच प्लास्टिक चढवलं होतं. तिनं त्यावर बोट टिचकावलं. थप्प, असा मेलेला आवाज आला. तिला वडिलांची आठवण झाली. तेही असलाच बँजो वाजवायचे. तिनं पेटी मिटली.

हार्लनची मुलगी ऑर्लीना स्टेजमागं बसली होती. बँडमध्ये बास तिचाच. सगळे चिखलात धावत असताना ती एकटी फडक्यानं बासच्या तारा पुसत होती.

"डॅडींना कधी पाहिलंस?"

"दुपारी. जेवताना."

"भांडण वगैरे?"

"आमच्यात? नाही." तिनं घड्याळ पाहिलं. "येतील ते, मिस विल्मा. लहान का आहेत?"

"तब्येत?"

ऑर्लीनाचं फडकं थांबलं. "डाव्या हाताची दोन बोटं आखडलीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं. सरळ होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता होणारही नाहीत."

"मग वाजवतात कसे?"

"जमेल तसं. मागच्या तीन कार्यक्रमांत लोकांना कळलं नाही. आम्हाला कळलं." तिनं पुन्हा घड्याळ पाहिलं.

"रॉस्कोला ते बँड सोडायचं म्हणाले असतील."

"तीनदा. तीनदा त्यानं गाडीनं पाठलाग करून, गळ्यात पडून परत आणलं. रॉस्को वाईट नाही हो. पण त्याला नाही म्हणणं डॅडींना जमत नाही."

विल्मा तिथून निघाली ती टेपवाल्यांकडे गेली. या बँडचा प्रत्येक कार्यक्रम टेप करणारे शौकीन स्टेजसमोर ठाण मांडून असायचे. त्यांतला लेलँड क्रॅबट्री हा नॉक्सव्हिलचा पोस्टमन, छत्री स्वतःपेक्षा मायक्रोफोनवर जास्त धरून उभा होता.

"तूही ऐकलंस पाचला?"

"ऐकलं तर! डेप्युटी, म्हाताऱ्याला आज काय झालं होतं? एप्रिलमध्ये गेलॅक्सला वाजवलं होतं तसंच. अगदी तस्सं. मध्ये एक सूर निसटतो आणि तो निसटलेलाच पकडून पुढं जातो ना, तेसुद्धा."

"निसटलेलंसुद्धा?"

"हो, तेच तर..." लेलँडचं तोंड उघडंच राहिलं.

"लेलँड, तू यांचा प्रत्येक कार्यक्रम कशाला टेप करतोस रे?"

"कारण..." त्यानं छत्री खाली केली. "कारण ही माणसं एक ओळ दोनदा सारखी वाजवत नाहीत."

"गेलॅक्सची टेप कुणाकुणाला दिलीस?"

"एकाच व्यक्तीला. बाकीचे मागं लागलेत अजून."

नाव त्याला सांगावं लागलं नाही. विल्मा परत धावत सुटली. पन्नाशी ओलांडल्यापासून ती धावली नव्हती.

रॉस्को ऑर्लीनाजवळच उभा होता. विल्मानं दम घेतला नाही.

"माणसं इथं शोधू नकोस, रॉस्को. हार्लन पाचला ट्रेलरमध्ये नव्हताच. वाजत होती ती टेप."

"काहीतरीच काय? मी स्वतः ऐकलं!"

"मीही ऐकलं, आणि माझ्याइतकी गाढव मीच. माझे वडील कातड्याचा बँजो वाजवायचे. पाऊस लागला की शेगडीपाशी बसायचे, कातडं शेकत. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. तीन तास पाऊस पडतोय, आणि बँजो खणखणतोय कसा? आत्ता टिचकी मारून आले मी त्याला. ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजतोय. मी ऐकला तो बँजो कोरड्या दिवसाचा होता. एप्रिलचा, गेलॅक्सचा. त्या निसटलेल्या सुरासकट." ती ऑर्लीनाकडे वळली. "कॅसेटच्या सुरुवातीला कोरी जागा सोडलीस ना, पोरी? बटण दाबलंस आणि येऊन सगळ्यांच्यात बसलीस."

ऑर्लीनानं फडक्याची घडी घातली.

"एखादी अलीकडची टेप लावली असतीस तर कुणाला शंका आली नसती. फसलेला, अडखळणारा हार्लन. पण ती तुला लाववेना. शेवटचं म्हणून सगळ्यांच्या कानात पडायचं ते चांगलंच पडावं, असं वाटलं तुला. तिथंच सापडलीस."

"त्यांनी मागितलं होतं," ऑर्लीना अखेर म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "वेळ दे म्हणाले, एवढंच. बँजो ठेवून जातो, म्हणजे कुणी लांब शोधणार नाही. पावणेसहाची बस धरून आत्याकडे जातो. बस ब्रिस्टलला पोचेपर्यंत, सव्वासातपर्यंत, तोंड उघडू नकोस, नाहीतर रॉस्को येईल मागं. मी शब्द दिला."

रॉस्को खुर्चीवर बसला. "मला सांगायचं ना," तो पुटपुटला.

"बस हमरस्त्यावर थांबते," विल्मा म्हणाली. "गेटातून गेला असता तर दिसला असता. कुठल्या वाटेनं गेला?"

"मागच्या. तंबाखूच्या शेतातून. साडेतीनला निघाले. गुडघा दुखतो, म्हणून लवकर."

"फरशीवरून?"

ऑर्लीनानं मान हलवली, आणि हलवता हलवताच तिचा चेहरा बदलला. हातातलं फडकं खाली पडलं.

विल्मानं वायरलेसवरून बसच्या ठाण्याला गाठायला लावलं. उत्तर यायला चार मिनिटं लागली. त्या थांब्यावर आज कुणीच चढलं नव्हतं.

फरशी दिसतच नव्हती. चॉकलेटी पाणी तिच्यावरून कंबरभर वाहत होतं. शंभर पावलांवर, ओढ्याच्या मधोमध, एक सिकॅमोरचं झाड अर्धं पाण्यात उभं होतं आणि त्याच्या फांदीला काहीतरी काळं अडकलं होतं. रॉस्कोनं ओळखलं. गळ्यात टाय होता. हार्लनच.

"डॅडी!" ऑर्लीनानं एकच हाक मारली. फांदीवरचं डोकं वर झालं नाही.

रॉस्को बूट काढून पाण्यात शिरला आणि दहा पावलांत उलटा फेकला गेला. विल्मानं त्याला कॉलरला धरून ओढलं. विल्माच्या गाडीतल्या दोराचा आता या पाण्यात उपयोग नव्हता. बचावपथकाचे दोरवाले शहरातून यायचे होते, चाळीस मिनिटं तरी लागणार होती. त्या चाळीस मिनिटांत तिघांनी काठावर उभं राहण्यापलीकडे काहीही केलं नाही, करण्यासारखं नव्हतंच. मागं मैदानावर कुठलातरी दुसरा बँड वाजत होता. विल्माला ते बंद करायला सांगावंसं वाटलं पण वायरलेस मोकळा ठेवायचा होता.

दोरवाले पोचले तेव्हा उजेड होता. फांदीपर्यंत गेलेला तरुण बराच वेळ तिथंच अडकून राहिला. मागून त्यानं विल्माला सांगितलं, की म्हाताऱ्यानं फांदी सोडलीच नव्हती. उजवा हात सुटला होता, पण डाव्याची दोन बोटं आकड्यासारखी फांदीवर बसली होती. ती एकेक करून सोडवावी लागली.

दोरवाल्यांबरोबर आलेल्या डॉक्टरांनी हात तपासला, छाती तपासली. "तास झाला असेल जाऊन," ते म्हणाले. "कदाचित तासही नाही. गारठ्यानं गेले."

ऑर्लीना ऐकत होती. डॉक्टर बाजूला झाल्यावर ती विल्माजवळ आली.

"म्हणजे पाचला जिवंत होते."

"हो."

"हाका मारत असतील."

विल्माला खोटं बोलता आलं असतं. "मारत असतील," ती म्हणाली.

"मी टेप लावली नसती तर पाचलाच सगळे शोधायला लागले असते."

"मी ऐकत उभी राहिले नसते तर सव्वापाचला इथं आले असते, पोरी. एकटी. दोर गाडीत होता माझ्या, आणि पाणी तेव्हा एवढं नव्हतं."

ऑर्लीनानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, आणि विल्मानं तिला धरून ठेवलं.

शेरीफनं नंतर विचारलं, मुलीवर काय लावायचं. विल्मा म्हणाली, त्यासाठी कलम नाही. अहवाल लिहायला ती वही उघडून बसली, तेव्हा दुपारचं पान पाण्यानं फुगलं होतं, अक्षरं मात्र शाबूत होती. पाच वाजून पाच मिनिटं. हार्लन स्टिल्टनर, ट्रेलरमध्ये. सुंदर वाजवतोय.

शेवटचं कुणी पाहिलं, या रकान्यात तिनं ऑर्लीनाचं नाव लिहिलं. शेवटचं कुणी ऐकलं, असा रकाना नव्हता. तिनं तो पानाच्या खाली स्वतः आखला, आणि त्यात लिहिलं, कुणीच नाही.